तेरा तासांची अट

२० जानेवारी

प्रिय ताई,

नमनाला घडाभर तेल घालत नाही. मी लग्न करते आहे. हातातली कात्री खाली ठेव आणि मग पुढचं वाच.

वय सेहेचाळीस आहे हे मला ठाऊक आहे, मोजून दाखवू नकोस. फोनवर मुद्दाम सांगितलं नाही. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि शेवटी कोण काय म्हणालं ते भाऊजींना विचारावं लागतं. पत्रात निदान तुला मध्ये बोलता येत नाही.

त्यांचा कुलपांचा धंदा आहे. आमच्या विमानतळावरच्या हरवलेल्या सामानाच्या खात्यात ज्या बॅगांवर नाव नसतं, त्या तीन दिवसांनी उघडाव्या लागतात, आत कुठे पत्ता सापडतो का ते बघायला. कुलूप तोडायचं नाही असा नियम, म्हणून दर मंगळवारी हे येतात. मी बॅग टेबलावर ठेवायची, त्यांनी उघडायची, आत निघेल ते मी वहीत लिहायचं. असं सहा वर्षं चाललंय. एकदा एका बॅगेत सोळा बूट निघाले, सगळे डाव्या पायाचे. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा एकत्र हसलो. गेल्या मंगळवारी त्यांनी विचारलं, न्यायला कुणी आलं नाही तर सामान किती दिवस ठेवता? मी म्हटलं, नव्वद. ते म्हणाले, "मी सहा वर्षं येतोय." बस, एवढंच. मी वहीत त्या दिवशीची तारीख चुकीची टाकली.

लग्न बारा मे रोजी. कचेरीत सह्या, मग जेवण, माणसं बावीस. मला दोनच गोष्टी हव्या आहेत: अंगावर तुझ्या हातचा पोशाख आणि शेजारी तू. मापं सोबत पाठवते आहे.

तुझी,
टाचणी


१ फेब्रुवारी

टाचणे,

अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

ताकाला जाऊन भांडं कसं लपवावं ते तुझ्याकडून शिकावं. सहा वर्षं प्रत्येक पत्रात लिहीत होतीस, "मंगळवारी काम फार असतं." मी बापडी तुझ्या भाऊजींना सांगायची, पोरीला मंगळवारी राबवून घेतात.

पत्र वाचलं आणि खरंच कात्री खाली ठेवली. मग गिऱ्हाइकासमोरच रडले. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं त्यांच्या ब्लाउजचं कापड कमी पडलं. भाऊजींना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, नवरामुलगा वेळेवर येतो का? सहा वर्षं दर मंगळवारी, म्हटल्यावर म्हणाले, मग हरकत नाही. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

आता मापांचं. ही मापं कुलूपवाल्यांनी घेतलेली दिसतात. खांदा साडेतीनशे मिलिमीटर असं लिहिलंय. किल्ली घासायची आहे की बाही लावायची आहे? आणि कंबर तीस? गेल्या वर्षीचा फोटो माझ्या समोर भिंतीवर आहे. रस्त्यापलीकडून चालत्या बाईची कंबर मी सांगते, अण्णांनी शिकवलेली विद्या आहे ती. तुझी चौतीस आहे. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मी आजवर कपडा कापलेला नाही आणि तुझ्या लग्नाचा तर मुळीच कापणार नाही. म्हणजे एक तर तू इथे ये, नाही तर मी तिथे.

तू येणार नाहीस. तेव्हा मी आले पाहिजे. इथेच गाडं अडतं.

तुला बँडवाल्यांचे कोट आठवतात? चौदा कोट, एका दिवसात. मी तेरा तास मशीनवर बसले होते. तेरा तास झाले आणि मला एकाएकी वाटलं की आता या खोलीत श्वास घेता येणार नाही. कोट तसेच टाकून अनवाणी रस्त्यावर गेले, पुलापर्यंत चालले, तेव्हा कुठे छाती मोकळी झाली. हे मी भाऊजींखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. तेरा तास मी बसू शकते, ते मला पक्कं माहीत आहे. चौदाव्याचं मला माहीत नाही आणि ते मला हवेत कळायला नको. हवेत पूल नसतो.

भाऊजी येणार नाहीत. जी गाडी आपण चालवत नाही तिच्यात बसायचं नाही, असं त्यांचं तत्त्व आहे. दुकान आणि मांजर ते बघतील. म्हणजे मी एकटी.

तेव्हा खरं सांग, किती तास लागतात? दोन वर्षांत परत येते म्हणून गेलीस त्याला बावीस झाली. मध्ये दोनदा आलीस, एकदा आई गेली तेव्हा आणि एकदा अण्णा गेले तेव्हा. दोन्ही वेळा रडायलाच. म्हणून म्हणते, या वेळी आकडा नीट मोजून सांग.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बँडवाल्यांच्या कोटांचं तू मला कधीच सांगितलं नाहीस. त्या दिवशी मी शाळेतून आले तर दुकान उघडं आणि तू नाहीस. अण्णा म्हणाले, दोरा आणायला गेली आहे. मी इतकी वर्षं समजत होते की तू चांगला दोरा मिळावा म्हणून पुलापलीकडे गेली होतीस.

आता ऐक. तुझ्या विमानतळापासून माझ्या विमानतळापर्यंत अंतर अकरा हजार सातशे चाळीस किलोमीटर. एकच विमान, मध्ये कुठे थांबत नाही. वेळ बारा तास पन्नास मिनिटं. मी नुसता फलक बघून लिहिलेलं नाही. गेल्या महिनाभरात ते विमान रोज किती वाजता टेकलं ते आमच्या खात्याच्या वहीत असतं, कारण विमान आल्याशिवाय सामान हरवत नाही. ती वही मी चाळली. सगळ्यात लवकर बारा तास तीस, सगळ्यात उशिरा तेराला पाच मिनिटं कमी. तुझ्या तेराच्या आत बसतं ना? शिवाय विमानात उठता येतं, दोन रांगांमधून मागेपर्यंत चालता येतं. मशीनसमोर तुला कुणी उठू दिलं असतं?

कंबर बत्तीस आहे. तुझी शप्पथ.

ये ना गं. बावीस माणसांत एकवीस त्यांची आहेत.

टाचणी


२४ फेब्रुवारी

टाचणे,

तुझ्या पत्राने मी इतकी हुरळले की भाऊजींना माळ्यावरून बॅग काढायला लावली. मग म्हटलं, आधी एकदा मोजून बघावं. मोजल्याशिवाय कापायचं नाही.

शाळेतल्या भूगोलाच्या बाई माझ्याकडे शिवायला टाकतात. त्यांच्याकडून जगाचा नकाशा मागून आणला. केवढा मोठा, माझं कापायचं टेबल पुरलं नाही. चारी कोपऱ्यांना इस्त्र्या ठेवल्या आणि तुझ्या गावापासून माझ्या गावापर्यंत टेप ताणून धरली. एकदा नाही, तीनदा. साडेतेवीस इंच. खाली छापलंय, एक इंच म्हणजे साडेसातशे किलोमीटर. गुणाकार भाऊजींनी केला: सतरा हजार सहाशे पंचवीस. विमान तासाला नऊशे जातं असं धरलं तरी साडेएकोणीस तास होतात.

तू लिहितेस बारा पन्नास. मधले साडेसहा तास कुठे गेले?

मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. कंबरेतले चार इंच चोरलेस तेव्हा मी हसले. पकडल्यावर दोन परत केलेस. पण इथे मी तुला माझी भीती सांगितली होती, जी अण्णांनासुद्धा सांगितली नव्हती, आणि तू तिच्या मापाचा आकडा बेतून पाठवलास. तेरा म्हटलं म्हणून बारा पन्नास. एकवीस म्हटलं असतं तर वीस पन्नास आले असते. तुझी लहानपणापासूनची सवय आहे, हवं ते हातात पडेपर्यंत आकडा लहान करून सांगायचा. "दोन वर्षं" हा त्यातलाच होता.

मी येत नाही. कापड पाठवते, तिथल्या एखाद्या चांगल्या शिंप्याकडून शिवून घे.

ताई


८ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एका माणसाला दुसऱ्याचीच बॅग देऊन मोकळी झाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तो दारातून परत आला आणि म्हणाला, यात बाळाचे कपडे आहेत, मी एकटाच राहतो.

मी काही समजावून सांगणार नाही. माझ्या शब्दावर तुझा विश्वास नाही, टेपवर आहे. म्हणून सोबत एक वस्तू पाठवते आहे. आमच्याकडे नव्वद दिवस पडून होती, न्यायला कुणी आलं नाही. फुगव आणि मोज. टेप ताणू नकोस, अंगाला लावून मोज, गिऱ्हाइकाला लावतेस तशी.

आणि दोन वर्षांबद्दल. ते खोटं नव्हतं, ताई. ते चुकलं. पहिल्या दोन वर्षांत तिकिटापुरतं जमलं नाही, मग नोकरी सोडता येईना, मग इतका उशीर झाला की तुझ्यासमोर यायची लाज वाटायला लागली. खोटं आणि चुकलेलं यात फरक असतो. तो तुला कळत नसेल तर कुणाला कळणार? उसवून पुन्हा शिवणारी तूच.

टाचणी


२१ मार्च

टाचणे, माझे शहाणे, माझे गुणी पोरी,

हे पत्र मी उभ्याने लिहिते आहे, कारण बसले तर पुन्हा हसायला लागेन.

पाकिटातून ती निळी रबराची घडी निघाली तेव्हा मला वाटलं गरम पाण्याची पिशवी पाठवलीस. भाऊजींनी तोंड लावून फुगवली. निम्म्यापर्यंत आले आणि समुद्र दिसायला लागले, तेव्हा थांबून म्हणाले, अगं, ही पृथ्वी आहे. उरलेली पृथ्वी त्यांनी फार आदराने फुगवली.

आधी सवयीने तिची कंबर मोजली. साडेसदतीस. कुणाला सांगू नकोस, पण माझीही तेवढीच आहे. मी आणि पृथ्वी एका मापाच्या निघालो म्हणून भाऊजी खूश आहेत. कंबरपट्ट्यावर छापलंय, चाळीस हजार किलोमीटर. मग माझ्या गावावर एक बोट ठेवलं, तुझ्या गावावर दुसरं, आणि टेप लावली. आधी लावली नकाशात लावली होती तशीच, आडवी, पोटावरून. ती सैल पडून वर सरकायला लागली. मी खाली ओढते, ती वर जाते. मग म्हटलं, हिला कुठे जायचंय तिथे जाऊ दे. सोडली. ती सरळ वर गेली, जिथे सगळं पांढरं रंगवलंय तिथे डोक्याजवळून, आणि पलीकडे तुझ्या गावात उतरली. अकरा इंच. भाऊजींनी हिशेब केला: अकरा हजार सातशे तेहतीस. तुझ्यात आणि माझ्यात सात किलोमीटरचा फरक, तो माझ्या चष्म्याचा.

टाचणे, मला लाज वाटते. तीस वर्षं मी शिकाऊ मुलींना बजावत आले की कागदावर माणूस सपाट असतं, अंगाने गोल असतं, सपाट मोजून कापाल तर बगलेत आवळेल. आणि स्वतः मात्र अख्खी पृथ्वी टेबलावर इस्त्र्यांनी दाबून मोजली आणि बहिणीला खोटी ठरवली. अण्णा असते तर टेप काढून घेतली असती माझ्याकडून.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि शेवटचं भाऊजींकडून पुन्हा वाचून घेतलं. लाज वाटत होती म्हणून आली नाहीस, हे मला बावीस वर्षांत सुचलं नाही. मला वाटायचं तुला तिथे आवडलं. चुकलं माझं. मी उसवते आहे.

येते मी. बारा तास पन्नास मिनिटं. तिकीट काढ, माझा विचार बदलायच्या आत.

तुझी,
ताई

ता. क. ते कापड पाठवलं नव्हतं. आमच्याच कपाटात आहे. गर्द जांभळं.


२ एप्रिल

माझी ताई,

कुलूपवाल्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते आता मला "पृथ्वीची मेहुणी" म्हणतात. नातं कसं लागलं ते मला विचारू नकोस.

तिकीट सोबत आहे. अठ्ठावीस एप्रिल, सकाळी सव्वानऊ. कडेची जागा घेतली आहे, म्हणजे कुणाला न सांगता उठता येईल. सुया, टाचण्या, कात्री सगळं मोठ्या बॅगेत टाक, जवळ फक्त टेप ठेव. टेपला कुणी हरकत घेत नाही. सुटताना विमान थरथरतं, ते तसंच असतं, जुनं मशीन नाही का टेबलासकट हलतं. दर तासाला उठ आणि मागेपर्यंत चालून ये.

परतीचा कागद इथे आल्यावर देते. आत्ता एकच पुरे, उगाच हरवेल.

टाचणी


१४ एप्रिल

टाचणे,

तिकीट मिळालं. मी दुकानाच्या मशीनच्या कव्हरला टाचून ठेवलंय, गिऱ्हाइकं वाचतात. निम्म्या गल्लीला माझा जागेचा नंबर पाठ आहे. भाऊजींनी तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसले. का ते सांगत नाहीत.

बॅगेसाठी त्यांनी एक कुलूप आणलं आहे. एवढं कुलूप गोदामाला लावतात. मी म्हटलं, आत एक जांभळं कापड आणि एक जुना कोट आहे, कोण नेणार? म्हणाले, जिथे बहीण हरवलेल्या सामानाच्या खात्यात आहे तिथे काळजी घेतलेली बरी.

काल रात्री खुर्चीवर बसून पाहिलं, किती वेळ बसवतं ते. चाळीस मिनिटांत झोप लागली. हे शुभ मानायचं की अशुभ?

येते.

ताई


२४ मे

ताई,

ही चिठ्ठी तुझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात घालते आहे. "विमान सुटल्यावर उघड" असं वर लिहिलंय आणि तू ते पाळशील असं समजते.

तू आत्ता माझ्या स्वयंपाकघरात आहेस, भाड्याने आणलेल्या मशीनचं तेल पुसते आहेस, आणि मी झोपायच्या खोलीत दार लावून लिहिते आहे. मघाशी विचारलंस काय करतेस, मी म्हटलं बिलं लावते. म्हणजे हेही खोटंच.

आधी चांगलं लिहिते. तू दारातून बाहेर आलीस तेव्हा मी हात पसरून उभी होते आणि तू पर्समधून टेप काढून माझ्या कंबरेला लावलीस. शंभर माणसांसमोर म्हणालीस, "साडेचौतीस." मग मिठी मारलीस. इतकी मोठी मिठी मला अण्णा गेले तेव्हाही मारली नव्हतीस. मग बॅग आली आणि कळलं की त्या गोदामाच्या कुलपाची किल्ली भाऊजींच्या सदऱ्याच्या खिशात राहिली आहे. माझ्या होणाऱ्या नवऱ्याची आणि तुझी पहिली भेट अशी झाली: तो जमिनीवर गुडघे टेकून बसलेला, तू वरून सूचना देतेस. त्याने तुझ्या केसातला आकडा मागून घेतला आणि चार मिनिटांत कुलूप उघडलं. तू म्हणालीस, पसंत आहे. त्याला वाटलं तू कुलपाबद्दल बोलते आहेस.

लग्नात मी सही करत होते तेव्हा तू मागून पोशाखाची शिवण सरळ केल्यासारखं करून पाठीवर हात ठेवलास. शिवण सरळच होती. मला कळलं होतं.

आता वाईट. बारा तास पन्नास मिनिटं हे खरं होतं, पण ते इकडे येतानाचं. परत जाताना तेच विमान चौदा तास पस्तीस मिनिटं घेतं. वर उंचावर वारा कायम एकाच बाजूने वाहतो. इकडे येताना तो मागून ढकलतो, तिकडे जाताना समोरून अडवतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते लिहिलं असतं तर तू आली नसतीस, म्हणून परतीचा कागद पाठवला नाही, आणि काल दिला तोही घडी घालून.

तू म्हणाली होतीस की मी हवं ते हातात पडेपर्यंत आकडा लहान करते. तुझं बरोबर होतं. तू मला हवी होतीस.

तेरा तास होतील तेव्हा उठ. मागेपर्यंत चाल. तिथे जी बाई कामाला आहे तिला मी निरोप पाठवला आहे, ती तुझ्याशी बोलत बसेल. शिवणातलं कळणारं कुणी भेटलं की आपले उसवलेले कपडे दाखवायची तिला हौस आहे. आणि जमलं तर मला माफ कर.

टाचणी


२४ मे, विमानात

टाचणे,

तुझी चिठ्ठी मी विमान सुटल्यावर उघडली नाही. टॅक्सीतच उघडली. मला सोडायला आलेला तुझा नवरा पुढे बसून आरशात बघून हसत होता, तेव्हा त्यालाही माहीत होतं म्हणायचं.

आता तूही ऐक. मला माहीत होतं.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊजींना विचारलं, तिकीट बघून हसलात का? ते म्हणाले, "एकतीस वर्षं गाडी चालवली. जाताना उतार असला की येताना चढ असतो. तिने जातानाचाच कागद पाठवलाय." मग भूगोलाच्या बाईंना विचारायला गेले. त्यांनी वाऱ्याचं सगळं सांगितलं, फळ्यावर बाण काढून. चौदा-साडेचौदा तास लागतील, म्हणाल्या. मी घरी आले, बॅग भरलेली दारात उभी होती, ते राक्षसी कुलूप लावून. मी तिच्यावर बसले आणि विचार केला. भीती होतीच. मग मनात आलं, परतीचं परतीला बघू. तू साडेचौतीसची झाली आहेस की चौतीसची, ते मला या हातांनी मोजायचं होतं. तेरा तासांची अट मी तुला घातली होती, पण होती माझ्या भीतीची. तिला घरी मांजरापाशी ठेवलं आणि आले.

तुला सांगितलं नाही, कारण तू जवळजवळ चार आठवडे चोरासारखी माझ्या पुढेमागे करत होतीस, सकाळी चहा अंथरुणात आणून देत होतीस. असं सुख कोण सोडतं?

मागे काम करणाऱ्या बाई भेटल्या. त्यांच्या अंगरख्याची बाही उसवली होती. माझ्याजवळ सुई नाही, दोरा नाही, नुसतं सांगून त्यांच्याकडून टाके घालून घेतले, त्यांच्याकडे विमानाची सुई-दोऱ्याची डबी होती. त्यात एक तास गेला. आता घड्याळ लावून बघते तर तेरा तास होऊन वीस मिनिटं झाली आहेत. चौदावा तास चालू आहे. मी बसलेली आहे. काही होत नाही गं. शेजारचे गृहस्थ घोरताहेत आणि मी बसलेली आहे.

मघाशी, निम्म्या वाटेवर, खिडकीपलीकडे सगळं पांढरं होतं. तू पाठवलेल्या पृथ्वीवर जिथे पांढरा रंग आहे त्याच्या जवळून गेलो असू. अंतर तेच, अकरा इंच, पण विमान नेटाने चाललं आहे ते कळतं. आणि इथे बसून मला एक सुचलं, ते उतरायच्या आत लिहून टाकते, कारण जमिनीवर गेले की माझ्याकडून असं लिहून होत नाही. तू दोन वर्षं म्हणालीस आणि बावीस लावलीस, त्याचा राग मी इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता. तुझ्याकडे जाताना वारा पाठीशी असतो. माझ्याकडे येताना तो तोंडावर असतो, आणि बावीस वर्षं तू एकटीच त्याच्यासमोर उभी होतीस. मी आज पहिल्यांदा तिकडून इकडे येते आहे. आधी आले असते तर आधी कळलं असतं.

मी बॅगेतून आणलेला तो जुना निळा कोट तुला दिला नाही म्हणून तू काल फुरंगटलीस. तू गेलीस त्या वर्षी शिवला होता, दोन वर्षांनी येशील तेव्हा घालायला. तेव्हा तुझी कंबर अठ्ठावीस होती, तरी मी चारही शिवणींत दोन-दोन बोटं माया सोडून ठेवली होती, म्हणून तुझ्या स्वयंपाकघरात उसवून साडेचौतीसचा करता आला. तो तुला अगदी बेताचा बसला ते मी पाहिलं. पण तो माझ्याबरोबर परत चालला आहे. घरी गेले की दुकानातल्या त्याच्या खुंटीवर लावते.

तो घालायला तुम्ही दोघं या. किती तास लागतात ते मला आता माहीत आहे, तेव्हा आकडा सांगू नकोस. तारीख सांग.

तुझी,
ताई